टेक्सासच्या पब्लिक स्कूलमधलं सहावीचं अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ: थोरल्याच्या वेळचं आणि धाकटीच्या वेळचं (५ पैकी ४ स्टार)

पुण्याहून, हैदराबादहून बदली होऊन डॅलसला येणारी मंडळी घर बघताना शाळेचं रेटिंग बघतात, स्विमिंग पूल बघतात, इंडियन स्टोअर किती लांब ते पण बघतात, पण सहावीत मॅथचे दोन रस्ते होतात आणि मुलाला कुठल्या रस्त्याला टाकलंय त्यावर बारावीत काय शिकायला मिळणार ते ठरतं हे कुणीच आधी सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, दोन्ही मुलं पहिल्यापासून इथल्याच पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये, थोरला आता बारावीत एपी कॅल्क्युलस बीसी (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय) करतोय आणि धाकटी सातवीत अ‍ॅडव्हान्स्ड मॅथला आहे. डिस्ट्रिक्टचं (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने असंच असणार.

आधी हिशोब सांगते, तो कळला की बाकी सगळं कळतं. इथे मॅथ शिडीसारखं आहे, अल्जेब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस, मग एपी कॅल्क्युलस, प्रत्येकाला एक वर्ष. आठवीत अल्जेब्रा १ झालं तर बारावीत कॅल्क्युलस मिळतं. नववीत झालं तर बारावी प्रीकॅल्कवरच संपते. मधे एका वर्षात जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ दोन्ही एकदम घेता येतात पण मग बँड किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा एक विषय सोडावा लागतो, आणि असं करता येतं हे पण माहिती असावं लागतं. आणि आठवीत अल्जेब्रा घ्यायचा तर सहावी, सातवी, आठवी या तीन वर्षांचा अभ्यास सहावी-सातवीच्या दोन वर्षांत बसवावा लागतो, तोच हा अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ कोर्स. म्हणजे कॅल्क्युलसचा निर्णय मूल अकरा वर्षांचं असताना होतो!

आपल्याकडे असं नव्हतं हो. मी कोल्हापूरची, स्टेट बोर्डाची. दहावीपर्यंत वर्गातल्या सगळ्यांना तेच बीजगणित आणि तीच भूमिती, कुणी पहिल्या बाकावर असो नाहीतर शेवटच्या. सामान्य गणित घेणारी थोडी मुलं असायची (तो पर्याय पण नवीन अभ्यासक्रमात बंदच केला), पण फाटा खरा फुटायचा तो अकरावीला, तेव्हा मूल सोळा वर्षांचं असतं आणि स्वतःचं तोंड उघडून सांगू शकतं मला मॅथ्स पाहिजे का बायो. त्यामुळे आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही की पाचवीच्या उन्हाळ्यात काहीतरी विचारायला पाहिजे.

थोरल्याच्या वेळी काय होतं ते सांगते. टीचरने नाव सुचवायचं, किंवा पालकांनी फॉर्म भरायचा, मग शनिवारी सकाळी एक टेस्ट. फॉर्म डिस्ट्रिक्टच्या वेबसाईटवर चार क्लिक आत. आम्हाला कळलं कारण गणपतीच्या कार्यक्रमात एका ताईंनी सांगितलं, अहो तुमचा पाचवीत ना, फॉर्म भरला का, शेवटचे आठ-दहा दिवस राहिलेत. टेस्टला गेलो तर हॉलमध्ये अर्ध्याच्या वर आपलीच मुलं, थोडी चायनीज-कोरियन, थोडी गोरी. शाळेच्या गेटवर रोज जी मुलं दिसतात त्यात निम्मी तरी हिस्पॅनिक आणि ब्लॅक आहेत, त्यातली टेस्टला मोजकीच. थोरल्याचा नंबर लागला, तो हुशार आहे, मेहनत पण करतो, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्याच्याइतकीच हुशार मुलं त्या हॉलमध्ये आलीच नाहीत कारण त्यांच्या आईला गणपतीत कुणी ताई भेटली नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं आणि अजून खटकतं.

मग २०२३ साली टेक्सासने कायदा केला, सिनेट बिल २१२४. पाचवीच्या मॅथच्या स्टार परीक्षेत (राज्याची परीक्षा, तिसरीपासून असते) जी मुलं वरच्या ४० टक्क्यांत येतात त्यांना सहावीत आपोआप अ‍ॅडव्हान्स्ड मॅथमध्ये टाकायचं. डिस्ट्रिक्टला स्टारऐवजी स्वतःचं मोजमाप पण वापरता येतं, पाचवीतला रँक किंवा वर्गातलं काम. पालकांना नको असेल तर त्यांनी नाही म्हणायचं. बस. आधी ज्याला हवं त्याने मागायचं होतं, आता ज्याला नको त्याने सांगायचं. इतका साधा बदल, पण मी दोन्ही बघितलेत म्हणून सांगते, जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॅलस शहराच्या मोठ्या डिस्ट्रिक्टने तर कायद्याच्या आधीच, २०१९-२० पासून, स्वतःहून असं आपोआप टाकणं चालू केलं होतं आणि तिथे ऑनर्स (म्हणजे वरच्या पातळीच्या) मॅथमध्ये ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण खूप वाढलं, त्यातूनच बाकी राज्याला धीर आला. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ लाच कायदा केला होता की वार्षिक परीक्षेत सगळ्यात वरची पातळी मिळवणाऱ्या मुलाला अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ द्यायचंच, तिथे त्याच्या आधी वर्तमानपत्राने शोधून काढलं होतं की गरीब घरातली चांगल्या मार्कांची मुलं वरच्या वर्गांतून गळतायत.

धाकटीच्या वेळी फॉर्म नाही, टेस्ट नाही, उन्हाळ्यात एक पत्र आलं. एका बाजूला इंग्लिश, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश, एक पान. तुमच्या मुलीचं सहावीचं मॅथ अ‍ॅडव्हान्स्ड आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही, नको असेल तर खालच्या चौकटीत खूण करून सही करा. मी ते पत्र दोनदा वाचलं. तिची पाचवीपासूनची एक मैत्रीण आहे, आईवडील होंडुरासचे, वडील छपरांचं काम करतात, आई रात्रीच्या शिफ्टला ऑफिसं साफ करते. त्या मुलीला पण हेच पत्र. तिने पाचवीची स्टार स्पॅनिशमध्ये दिली होती, तिसरी ते पाचवी स्पॅनिशमध्ये देता येते, आणि मार्क चांगले पडले. जुन्या पद्धतीत ही मुलगी कुठल्या टीचरच्या यादीत आली असती का माहिती नाही, इंग्लिश अजून अडखळत होतं, वर्गात हात वर करायची नाही. आणि तिच्या आईने चार क्लिक आतला फॉर्म भरून शनिवारी टेस्टला आणणं तर सोडाच, शनिवारी ती झोपलेली असते बिचारी.

या मुलीचं एक सांगायलाच पाहिजे. सहावीच्या सुरुवातीला दोघी आमच्या डायनिंग टेबलवर होमवर्क करत होत्या, गणित असं की सरबताला २ कप सिरप आणि ५ कप पाणी लागतं, सिरप १२ कप असेल तर पाणी किती. माझ्या मुलीने मी शिकवलेलं त्रैराशिक मांडलं, बाराला पाचाने गुण, दोनाने भाग, तीस, झालं. मैत्रिणीने काय केलं, दोन चौकोन काढले सिरपचे, खाली पाच चौकोन पाण्याचे, सगळे सारखे, मग वरच्या दोन चौकोनांवर पेन्सिल ठेवून म्हणाली हे मिळून १२ म्हणजे एक चौकोन ६, मग खालचे पाच सहा तीस. माझी मुलगी म्हणाली, मग गुणाकार-भागाकार का करायचा असतो ते इथे दिसतंय की! मी तिला त्रैराशिक शिकवताना ते का चालतं हे कधी सांगितलं नव्हतं, मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात दोघी एकत्रच अभ्यास करतात. अशी मुलगी साध्या वर्गात बसून वर्षभर तेच तेच करत बसली असती तर नुकसान तिचं तर झालंच असतं, माझ्या मुलीचं पण झालं असतं.

आता कोर्स कसा आहे. शिकवणं चांगलं आहे, खरंच चांगलं. वेग जास्त आहे, सहावीतच सातवीचं अर्धं होतं. ऋण संख्यांवर जवळजवळ सगळी मुलं अडकतात, वजा तीनमधून वजा पाच वजा केले तर काय. आमच्या टीचरने जमिनीवर टेप लावून संख्यारेषा केली होती आणि मुलांना चालायला लावलं, कुठून निघाला, कुठे पोचला, कुठल्या दिशेने. पालकसभेत मी त्यांना विचारलं ही कल्पना कुठली, तर त्यांनी बॉब मोझेसचं नाव सांगितलं. मी नंतर वाचलं. हा माणूस साठच्या दशकात मिसिसिपीत ब्लॅक लोकांची मतदार नोंदणी करायला मार खात फिरला, आणि १९८२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहत असताना त्याच्या लक्षात आलं की मुलीच्या शाळेत आठवीला अल्जेब्राच नाही. तर तो शाळेत जाऊन स्वतः शिकवायला लागला, तिला आणि तिच्या बरोबरच्या काही मुलांना, त्यातून अल्जेब्रा प्रोजेक्ट उभं राहिलं. मुलांना बोस्टनच्या सबवेने फिरवून आणायचा आणि मग स्टेशनांवरून ऋण संख्या शिकवायचा, या स्टेशनापासून किती स्टेशनं आणि कुठल्या बाजूला. अल्जेब्रा मिळणं हा मतदानासारखाच हक्क आहे असं तो आयुष्यभर म्हणत राहिला, २०२१ ला गेला. मला यातलं सगळ्यात भावलं ते हे की सुरुवात स्वतःच्या मुलीपासून झाली पण तिच्यापाशी थांबली नाही.

एक स्टार का कापला ते आता.

पहिली आणि मोठी तक्रार, दार उघडलं पण आत आल्यावर हात धरायला कुणी नाही. मदतीचा तास सकाळी सव्वासातला असतो, शाळेची बस पोचते आठला. म्हणजे ज्याला आई-बाबा गाडीने सोडतात त्यालाच मदत. संध्याकाळी पण तसंच, नंतरची बस नाही. आमच्या घरातून मी दोघींना घेऊन जाते पण अशा किती जणी असतील ज्यांच्या शेजारी कुणी नेणारं नाही. आपल्यातले बरेच जण महिन्याला दीडशे-दोनशे डॉलर देऊन क्लास लावतात, त्यांना शाळेच्या मदतीची गरजच पडत नाही आणि म्हणून पालकसभेत कुणी हा विषय काढतच नाही. मी काढला. लेट बस आठवड्यातून दोन दिवस तरी द्या म्हणून लेखी दिलंय, बजेटचं बघतो असं उत्तर आलंय. आपल्या लोकांनी यात सह्या द्यायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आपली मुलं बसने जात नसली तरी.

दुसरी तक्रार, एक टेस्ट वाईट गेली की फोन. ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीला एका टेस्टला ६४ पडले, लगेच काउन्सेलरचा (शाळेत मुलांचे विषय-वर्ग बघणाऱ्यांचा) घरी फोन, साध्या मॅथमध्ये बदलायचं का, तिला ताण येतोय का. त्यांनी चांगल्या मनाने केला असेल फोन, मी नाही म्हणत नाही. पण कायदा मुलाला आपोआप आत आणतो आणि एक फोन आपोआप बाहेर काढतो, कारण ज्यांना इंग्लिश येत नाही ते आईवडील शाळेचा फोन आला की हो म्हणतात, शाळेला नाही म्हणायचं असतं हेच त्यांना माहिती नसतं. माझ्या मुलीला त्याच टेस्टला ६८ होते, आम्हाला फोन नाही. का नाही याचा विचार मी बरेच दिवस करत होते. तिच्या आईने मला विचारलं म्हणून मी बरोबर गेले, सांगितलं की सेमिस्टर संपेपर्यंत थांबा, आणि शाळेने पण ऐकलं. वर्षाच्या शेवटी दोघींना बी. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाला खाली काढता येत नाही असं आहे, मला वाटतं इथे त्याच्यापुढे जाऊन संमती घ्यायच्या आधी समजावून सांगायची सक्ती पाहिजे, पालकांच्या भाषेत.

तिसरी, जी आपल्यासाठी आहे. भारतातून सहावी-सातवीत येणाऱ्या मुलाचा स्टारचा मार्कच नसतो, मग तो आपोआपच्या यादीत येत नाही आणि शाळा त्याला सरळ साध्या मॅथमध्ये टाकते. मूल तिकडून ऋण संख्या, समीकरणं सगळं करून आलेलं असतं आणि इथे वर्षभर दशांश अपूर्णांक करत बसतं. घाबरून गप्प बसू नका. तिकडचं प्रगतीपुस्तक आणि मॅथच्या वह्या घेऊन या, वह्या खरंच उपयोगी पडतात, काउन्सेलरला सांगा शाळेचं स्वतःचं मोजमाप वापरून प्लेसमेंट करा. आणि टेक्सासमध्ये क्रेडिट बाय एक्झाम म्हणून एक गोष्ट आहे, कोर्स न करता परीक्षा द्यायची, ८० टक्के पडले की त्या विषयाचं क्रेडिट, डिस्ट्रिक्टच्या ठरलेल्या तारखांना दिली तर फी नाही. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं आणि त्या तारखा शाळा घरी येऊन सांगत नाही.

कुणी म्हणेल एवढी मुलं भरली की वर्गाचा दर्जा जातो. आपल्यातच दोघा-तिघांनी मला हे तोंडावर म्हटलंय, की आता कोणीही येतं. थोरल्याचे आणि धाकटीचे चाप्टर टेस्टचे कागद मी शेजारी ठेवून बघितले, धाकटीचे सोपे नाहीत, शब्दांतली गणितं तर उलट जास्त आहेत. आणि कोणीही येत नाही हो, वरच्या ४० टक्क्यांत परीक्षा देऊन येतात, आपल्या मुलाने दिली तीच परीक्षा. आधी जे मूल फॉर्ममुळे आत यायचं आणि जे मूल फॉर्म नसल्यामुळे बाहेर राहायचं, त्यात गणिताचा संबंधच नव्हता.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पण बघा, सॅन फ्रान्सिस्को. तिथे २०१४ ला डिस्ट्रिक्टने ठरवलं की आठवीत अल्जेब्रा कुणालाच नको, सगळ्यांना नववीत, म्हणजे भेद राहणार नाही. हेतू चांगला होता, आधीच्या पद्धतीत ब्लॅक आणि लॅटिनो मुलं खूप नापास होत होती, तोच अल्जेब्रा परत परत करत होती. पण झालं काय, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर ऑनलाईन अल्जेब्रा विकत घेतला, नाहीतर प्रायव्हेट स्कूल गाठलं, आणि ज्यांच्याकडे नव्हते ते नववीची वाट बघत बसले. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत बोर्डाने आठवीचा अल्जेब्रा परत आणायचं ठरवलं, आणि मार्चमध्ये मतदान झालं त्यात ८० टक्क्यांच्या वर लोकांनी परत आणा म्हणून सांगितलं. मला दोन्ही बाजूंच्या मनातलं कळतं, पण दार सगळ्यांना बंद करण्यापेक्षा ज्यांचा हक्क आहे त्यांना न मागता आत आणणं हेच बरोबर असं माझं ठाम मत आहे. आणि काही ठिकाणी दारच नाही, सरकारी आकड्यांत (२०२०-२१ चे) ज्या हायस्कूलमध्ये ब्लॅक आणि लॅटिनो मुलं जास्त त्यातल्या ३५ टक्के शाळांतच कॅल्क्युलस शिकवतात, जिथे ती कमी तिथे ५४ टक्के. तिथे आपोआप टाकायचं तरी कशात? शिकवायला टीचर पण मिळत नाहीत, छोट्या गावांत तर फारच कठीण आहे.

इथे हे सगळं अ‍ॅडमिशनला पण लागतं. अ‍ॅडव्हान्स्ड आणि एपी विषयांना जीपीएत (सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या सरासरीत) जास्त वजन असतं, त्यावर वर्गातला रँक, आणि टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत वरच्या १० टक्क्यांना आपोआप प्रवेश, ऑस्टिनच्या यूटीला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) तर २०२६ पासून वरचे ५ टक्केच. त्यामुळे सहावीचं पत्र म्हणजे नुसतं सहावीचं पत्र नाही.

घरी काय वापरतो असं बऱ्याच जणी विचारतात. खान अकॅडमी, फुकट आहे, धाकटी इंग्लिशमध्ये बघते, मैत्रीण तेच सुरुवातीला स्पॅनिशमध्ये बघायची, एकाच टेबलवर. शाळेच्या कोर्सचं क्रेडिट त्यातून मिळत नाही हे लक्षात ठेवा, सरावासाठी उत्तम. अजून एक, राज्याच्या परीक्षेच्या फॅमिली पोर्टलवर आपल्या मुलाने स्टारमध्ये कुठला प्रश्न चुकवला, काय उत्तर दिलं हे सगळं बघता येतं, निकालाच्या कागदावर कोड असतो तो टाकायचा. कागद फेकू नका.

शाळेत नाव घालताना काउन्सेलरला विचारायचे प्रश्न इथेच देते, मुलाला कुठल्या मॅथला टाकलंय आणि कशावरून, आठवीत अल्जेब्रा १ त्याच शाळेत शिकवतात का दुसऱ्या कॅम्पसला जावं लागतं, मदतीचा तास कधी आणि बस आहे का, मधेच बदलायचं ठरलं तर कुणाची सही लागते, क्रेडिट बाय एक्झामच्या पुढच्या तारखा कुठल्या. उत्तर ईमेलवर मागा. आणि शेजारी कुणी असं असेल ज्याला इंग्लिशमध्ये ईमेल लिहायला जमत नाही तर त्यांच्या मुलासाठी पण एक लिहून द्या, नमुना माझ्याकडे इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत आहे, पाठवते.